गोपुरीचे सोनखत

सोनखत हा शब्द आपल्याकडे फार जुना. माणसाच्या मैल्याचे खत झाले की शेतकरी त्याला सोन्याच्या मोलाचे मानतो. पण तोच मैला डोक्यावरून वाहणाऱ्या माणसाला मात्र गावाने वेशीबाहेर ठेवले. खताला सोन्याचे नाव आणि वाहणाऱ्याचा विटाळ! ही गोष्ट ज्यांच्या मनाला फार लागली, त्या कोकणातल्या अप्पासाहेब पटवर्धनांची हकीकत आज सांगायची आहे.

अप्पासाहेबांचा जन्म १८९४ सालचा. काही काळ ते साबरमतीला गांधीजींच्या सहवासात राहिले. पुढे १९३२ साली सत्याग्रही म्हणून रत्नागिरीच्या तुरुंगात असताना त्यांनी मैलासफाईचे काम मागितले. तुरुंगाचा नियम आडवा आला. हे काम ठराविक जातींच्या कैद्यांचे. ब्राह्मण कैद्याला ते मिळायचे नाही! अप्पासाहेबांनी अन्न कमी केले. येरवड्याच्या तुरुंगात गांधीजींना हे कळले, तेव्हा डिसेंबरात त्यांनीही उपवास आरंभला. सरकारने फेरविचाराचे आश्वासन दिल्यावर तो सुटला. घाण काढायचा हक्क मिळावा म्हणून उपवास, असे कधी ऐकले होते का?

पण एकाच्या डोक्यावरची पाटी दुसऱ्याने घेतली, तरी पाटी राहतेच. ती पाटीच जायला हवी होती. १९४८ साली कणकवलीजवळ वागदे येथे गोपुरी आश्रम उभा राहिला, आणि तेथे अप्पासाहेबांनी खताचा संडास करून दाखवला. लोक त्याला गोपुरी संडास म्हणू लागले.

अशा संडासाची रीत साधी आहे. जमिनीवर शेजारी शेजारी दोन बंद खाने बांधायचे, मागे खत काढायला दार ठेवायचे. एक खाना वापरात. दर वेळी वरून माती, राख किंवा सुका पाला टाकायचा. भरला की तो मिटून दुसरा वापरायचा. माती ओल शोषते, पाल्यामुळे आत हवा खेळते, आणि डोळ्यांना न दिसणारे जीव कुजवण्याचे काम करतात. नीट झाकले तर माशी बसत नाही, वासही येत नाही. घाई मात्र करू नये. जंतांची अंडी फार चिवट असतात, म्हणून भरलेला खाना वर्षभर मिटलेला ठेवावा. मोरीचे पाणीही त्यात सोडू नये. ओल वाढली की वास सुटतो. ते पाणी कोकणी परसात केळीला, माडाला जाते, तसेच जाऊ द्यावे.

अप्पासाहेब १९७१ साली गेले. हाताने मैला काढण्याच्या प्रथेवर १९९३ साली कायद्याने बंदी आली, २०१३ साली अधिक कडक नवा कायदा झाला. तरीही गटारात आणि मैल्याच्या टाक्यांत उतरून माणसे मरतातच. म्हणून गुरुजींनी मुलांना एवढाच प्रश्न विचारावा: आपल्या घरची घाण शेवटी कोण उचलतो? मातीने उचलली तर तिचे खत होते. माणसाला उचलावी लागली, तर ती आपल्या सगळ्यांनाच लाज आणते.