काथ्याचे पर्यावरणपूरक पृष्ठसंस्करण

काथ्याचे पर्यावरणपूरक पृष्ठसंस्करण म्हणजे नारळाच्या सोडणापासून मिळणाऱ्या तंतूच्या बाह्य थरात, पाणी व माती यांचे प्रदूषण शक्य तितके टाळून केलेला बदल होय. यात तंतूचा गाभा अबाधित ठेवून त्याची स्वच्छता, रंग ग्रहण करण्याची क्षमता आणि इतर पदार्थांना चिकटण्याचा गुण सुधारला जातो.

पार्श्वभूमी

रत्नागिरी जिल्ह्यातील गुहागर हा परिसर नारळ-सुपारीच्या बागांसाठी प्रसिद्ध आहे. तालुक्याच्या उत्तरेस वाशिष्ठी नदीची दाभोळ खाडी व दक्षिणेस शास्त्री नदीची जयगड खाडी आहे. नारळ सोलल्यावर उरणारे सोडण जळण म्हणून वापरले जाते, तसेच त्यापासून काथ्या काढून सुंभ, दोर व पायपुसणी बनवतात.

पश्चिम किनाऱ्यावरील पारंपरिक पद्धतीत हिरवी सोडणे खाडीच्या पाण्यात कित्येक महिने कुजवली जातात. सूक्ष्मजीव तंतूंना जोडणारे पेक्टिन विघटित करतात व तंतू सुटे होतात. मात्र या क्रियेत पाण्यातील ऑक्सिजन घटतो, पॉलिफिनॉल मिसळतात आणि हायड्रोजन सल्फाइड वायू निर्माण होतो. त्याचा फटका मासे व शिंपल्यांना, पर्यायाने मासेमारीवर जगणाऱ्या कुटुंबांना बसतो.

तंतूची रचना

कापसात सेल्युलोजचे प्रमाण ९० टक्क्यांच्या आसपास असते. काथ्यात मात्र लिग्निन ४० टक्क्यांहून अधिक असते. त्यामुळे काथ्या खाऱ्या पाण्यात टिकतो, परंतु राठ राहतो. पृष्ठभागावरील मेणचट थरामुळे तो राळेला नीट चिकटत नाही.

पद्धती

जैविक प्रक्रिया : केंद्रीय काथ्या मंडळाच्या केरळमधील कलवूर येथील संशोधन संस्थेने 'कॉयररेट' हे जिवाणूंचे मिश्रण विकसित केले असून त्यामुळे कुजवण्याचा काळ घटतो. ही प्रक्रिया टाकीत केल्यास सांडपाणी खाडीत सोडण्यापूर्वी शुद्ध करता येते.

विकर प्रक्रिया : पेक्टिनेझ हे विकर पेक्टिनचे विघटन करते, तर लॅकेझ लिग्निनमधील फिनॉल गटांवर क्रिया करते. या क्रिया सौम्य तापमानात होतात.

विरंजन : क्लोरीनयुक्त रसायनांऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड वापरतात. त्याचे विघटन होऊन पाणी व ऑक्सिजन उरतो.

प्लाझ्मा प्रक्रिया : विद्युतभारित वायूने केवळ बाह्य थर बदलला जातो. यात पाणी जवळजवळ लागत नाही.

मर्यादा

विकरे महाग असतात. प्लाझ्मासाठी यंत्रसामग्री व वीज लागते आणि तिचा परिणाम कालांतराने ओसरतो. कॉस्टिक सोड्याची प्रक्रिया स्वस्त व परिणामकारक असली, तरी तिचे अल्कधर्मी सांडपाणी उदासीन करावे लागते. म्हणून एखाद्या पद्धतीची पर्यावरणपूरकता केवळ वापरलेल्या द्रव्यावरून ठरत नाही. लागणारे पाणी, ऊर्जा आणि सांडपाण्याची विल्हेवाट यांचाही एकत्रित विचार करावा लागतो. सोडण कुजवणे ही पूर्णतः नैसर्गिक क्रिया असूनही खाडीचे पाणी दूषित करते, हे त्याचेच उदाहरण आहे.