दौलतखान यादीत आणि दर्यावर

दरवर्षी १९ फेब्रुवारीला नांदेड-लातूरकडच्या आमच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक यादी फिरते. शिवरायांच्या पदरी असलेल्या मुसलमानांची. सिद्दी इब्राहिम, नूरखान बेग, दर्यासारंग, दौलतखान. पाठवणाऱ्यांचा हेतू चांगलाच असतो. पण यादीतली ही माणसं निव्वळ पुरावा म्हणून उभी असतात. दौलतखान नेमकं करत काय होता, हे कुणी विचारत नाही.

तो करत होता ते दर्याचं काम, आणि समुद्र आपल्याला ऐकूनच माहीत. निजामाच्या राज्याला बंदर नव्हतं. आमच्या आधीच्या पिढीत समुद्र पाहिलेला माणूस म्हणजे बहुधा मुंबईहून जहाजाने जेद्द्याला गेलेला हाजी. ती जहाजंही १९९५ साली थांबली.

१६७९ च्या ऑगस्टअखेर, पावसाळा पुरता सरलेला नसताना, मायनाक भंडारी खांदेरी बेटावर उतरला आणि तटबंदी सुरू झाली. मुंबईच्या तोंडाशीच किल्ला उभा राहतोय म्हटल्यावर इंग्रज हादरले. सप्टेंबरात त्यांनी जहाजं धाडली. बेटावर उतरू पाहणारा त्यांचा लेफ्टनंट थॉर्प मारला गेला. बेटावरच्या माणसांना धान्य, दारूगोळा, बांधकामाचं सामान सगळं थळच्या बाजूने होडीतूनच न्यायचं होतं.

हे अंतर नकाशावर किरकोळ दिसतं. पण पावसाळी वारा समुद्राकडून जमिनीकडे येतो. शीड हातचं गेलं की होडी खडकांकडेच ढकलली जाते. लाटेला बाजू दाखवली की ती कलंडते, म्हणून नाळ लाटेला थोडी तिरकी धरून चढायचं आणि उतरताना सुकाणू घट्ट धरायचं. वारा पाठीमागून असला की धोका वाढतो. तिरक्या काठीवरचं ते त्रिकोणी शीड अचानक दुसऱ्या बाजूला फिरलं, तर काठी मोडते, नाहीतर माणूस पाण्यात जातो. वारा वाढला की अरबी समुद्रावरचे खलाशी बहुधा मोठं शीड उतरवून धाकटं चढवतात. हे करायचं हलत्या फळीवर, ओल्या दोरांनी. बाकीच्यांनी तळातलं पाणी उपसत राहायचं. सामानही तळाशी, मधोमध आणि बांधून; ते एका बाजूला सरकलं की संपलं. शिवाय हे बऱ्याचदा रात्री, दिवा न लावता.

इंग्रजांची ‘रिव्हेंज’ आणि ‘हंटर’ ही जहाजं तोफांनी भारी होती, पण त्यांना खोल पाणी लागे. मराठ्यांच्या लहान होड्या उथळ पाण्यातून निसटत. वारा पडला की इंग्रज जहाज जागीच खिळायचं, गलबतं वल्ही मारत पुढे निघायची. १८ ऑक्टोबरला दौलतखान ताफा घेऊन इतक्या वेगाने चालून आला की इंग्रजांना नांगर उचलायलाही जेमतेम सवड मिळाली. त्यांचं ‘डव्ह’ मराठ्यांच्या हाती लागलं. पण ‘रिव्हेंज’ने तोफा चालवल्या आणि दौलतखानाला नागोठण्याच्या खाडीकडे मागे फिरावं लागलं. भाषणांत हा भाग कुणी सांगत नाही; मला तो महत्त्वाचा वाटतो. त्या दिवशीची लढाई त्याने जिंकली नाही, पण होड्या बेटावर जातच राहिल्या. १६८० च्या सुरुवातीला इंग्रजांनी नाद सोडला.

यादीवाल्यांची आणखी एक अडचण होते. इंग्रजांच्या मदतीला आला तो जंजिऱ्याचा सिद्दी कासिम, मोगलांचा आरमारी सरदार. त्याने शेजारचं उंदेरी बळकावलं. म्हणजे मुसलमान दोन्हीकडे होता. मायनाक भंडारी आणि दौलतखान एका बाजूला, सिद्दी कासिम आणि ईस्ट इंडिया कंपनी दुसऱ्या बाजूला. आजच्या चष्म्यातून ही लढाई वाचायला गेलं की चष्माच काढून ठेवावा लागतो.

भाषा मात्र दोन्हीकडे तीच. नाखवा फारसीतल्या नाखुदावरून, खलाशी आणि सुकाणू अरबीतून, गुराब अरबीतल्या कावळ्यावरून, बंदर फारसी, तुफान अरबी. हे शब्द कुणा सुलतानाने लादलेले नव्हते. शतकानुशतकं एकाच वाऱ्यावर ये-जा करणाऱ्यांनी ते एकमेकांकडून उचलले. रत्नागिरीकडचे दालदी मुसलमान मासेमार आजही कोळ्यांच्या, खारव्यांच्या शेजारीच दर्यात जातात.

जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत मराठ्यांचे बारा किल्ले आले. त्यांत खांदेरी आहे. थळच्या किनाऱ्यावरून बेट उघड्या डोळ्यांनी दिसतं, शेजारी उंदेरीही. लातूरहून कोकणात जाणाऱ्या सहली अलिबागला पोचतात. तिथून थळ हाकेच्या अंतरावर आहे. जमलं तर पावसाळ्याच्या अखेरीस जा आणि मधलं पाणी बघा.