टिपणकार्ड पद्धती (शालेय)

टिपणकार्ड पद्धती : वाचनातून मिळालेली माहिती सुट्या कार्डांवर टिपून, ती कार्डे मुद्द्यांप्रमाणे लावून लेखन करण्याची पद्धत. एका कार्डावर एकच मुद्दा, हा तिचा मूळ नियम. सहावी ते आठवीच्या, म्हणजे साधारण ११ ते १४ वयाच्या विद्यार्थ्यांना जमवलेल्या माहितीची मांडणी शिकविण्यासाठी अमेरिकेतील शाळांत ती दीर्घकाळ वापरात आहे. तेथे त्यासाठी ३ × ५ इंची कार्डे रूढ आहेत.

पूर्वपीठिका : सुट्या चिठ्ठ्यांवर टिपणे काढण्याची रीत जुनी आहे. स्विस पंडित कोनराड गेस्नर याने १५४८ मध्ये टिपणे कापून, हव्या त्या क्रमाने लावण्याची कृती सांगितली. वनस्पतिशास्त्रज्ञ कार्ल लिनीअस उत्तरायुष्यात एकाच मापाच्या कागदी चिठ्ठ्या वापरीत असे. जर्मन समाजशास्त्रज्ञ निक्लास लूमान (१९२७–९८) याच्या संग्रहात सुमारे ९०,००० चिठ्ठ्या होत्या. वहीतील मजकूर ज्या क्रमाने वाचला त्याच क्रमात अडकून राहतो. चिठ्ठीची जागा मात्र विचार बदलेल तशी बदलता येते.

शालेय गरज : लहान इयत्तांत मूल बहुधा एकाच पुस्तकावरून लिहिते. माध्यमिक टप्प्याकडे येताना त्याच्यापुढे एकाच विषयाची अनेक साधने येतात आणि माहिती शोधण्यापेक्षा ती लावणे अवघड होते. मायकेल आयझेनबर्ग व रॉबर्ट बर्कोविट्झ यांनी १९९० मध्ये मांडलेल्या ‘बिग सिक्स’ या सहा पायऱ्यांच्या आराखड्यात माहितीची जुळणी ही स्वतंत्र पायरी आहे. अमेरिकेतील ‘कॉमन कोअर’ या २०१० च्या मानकांनुसार, सहावीच्या विद्यार्थ्याने छापील व डिजिटल अशा अनेक साधनांतून माहिती घ्यावी, तिची विश्वसनीयता पारखावी आणि उचलेगिरी न करता साधनांची मूलभूत माहिती द्यावी, अशी अपेक्षा असते.

कार्यपद्धती : प्रथम विषयाचा प्रश्न करून घेतात. ‘कोयना धरण’ हा विषय झाला. ‘कोयना धरणामुळे परिसरातील लोकांचे जगणे कसे बदलले?’ हा प्रश्न झाला. प्रश्नातून बांधकाम, वीज, विस्थापन, भूकंप अशी चारपाच शीर्षके निघतात. वापरलेल्या प्रत्येक साधनाला क्रमांक देऊन लेखक, नाव, प्रकाशनवर्ष यांची वेगळी यादी ठेवतात. मग प्रत्येक कार्डावर वर शीर्षक, कोपऱ्यात साधनाचा क्रमांक व पृष्ठ आणि मध्ये टिपण लिहितात. टिपण स्वतःच्या शब्दांत असावे. मूळ वाक्य जसेच्या तसे घेतल्यास अवतरणचिन्हे तेव्हाच द्यावीत.

वाचन संपल्यावर कार्डे बाकावर किंवा जमिनीवर पसरून शीर्षकांप्रमाणे गठ्ठे करतात. पद्धतीचा खरा उपयोग येथे दिसतो. ‘वीज’ची दहा आणि ‘विस्थापन’चे एकच कार्ड निघाले, तर पुढे काय वाचायचे ते ठरते. ११ डिसेंबर १९६७ च्या कोयना भूकंपाची तीव्रता निरनिराळ्या साधनांत वेगवेगळी दिलेली आढळते. वहीत हे आकडे दूरदूरच्या पानांवर राहतात; कार्डे शेजारी येताच तफावत लक्षात येते आणि कोपऱ्यातील क्रमांकावरून मूळ साधनाकडे परत जाता येते. कोणत्याच गठ्ठ्यात न बसणारी कार्डे बाजूला ठेवतात. गठ्ठ्यांचा क्रम म्हणजेच निबंधाचा आराखडा.

अडचणी : विद्यार्थी परिच्छेदच्या परिच्छेद उतरवून घेतात, एका कार्डावर तीनचार मुद्दे कोंबतात किंवा पृष्ठांक लिहायचे विसरतात. पुस्तक मिटून मगच टिपण लिहिणे हा पहिल्या दोषावरचा साधा उपाय. उरलेल्या दोषांसाठी शिक्षकाला पहिली काही कार्डे लेखनापूर्वीच तपासावी लागतात. ‘इतर माहिती’ यासारखे मोघम शीर्षक असल्यास वर्गीकरण निरुपयोगी ठरते.

डिजिटल रूप : ‘नूडलटूल्स’सारख्या साधनांत पडद्यावरील कार्डाला मूळ उतारा, स्वतःच्या शब्दांतील आशय आणि स्वतःचे विचार असे तीन वेगळे रकाने असतात. कॉपी-पेस्ट सोपे झाल्याने ही विभागणी अधिक महत्त्वाची ठरते. स्प्रेडशीटमध्येही असेच रकाने करता येतात.

भारतातील उपयोग : १९९३ पासून भरणाऱ्या राष्ट्रीय बालविज्ञान परिषदेत १० ते १७ वयाची मुले स्थानिक प्रश्नांवर प्रकल्प करतात. निरीक्षणे, मुलाखती आणि वाचन एकत्र आणावे लागणाऱ्या अशा प्रकल्पांना ही पद्धत सोयीची आहे. पाठकोऱ्या कागदाचे सारखे तुकडे कार्डांच्या जागी चालतात.

मूल्यमापन : केवळ सजवलेल्या अंतिम फाइलला गुण दिल्यास माहिती कशी लावली हे कळत नाही. म्हणून साधनांची यादी, कार्डे व आराखडा यांना निबंधापासून स्वतंत्र गुण देणे इष्ट मानले जाते.