पाणचक्की : पिठाच्या गिरणीतली कलादृष्टी

दख्खनच्या इतिहासाची चर्चा निघाली की ती बहुधा लढाया, तह आणि सुलतानांच्या नावांवर येऊन थांबते. कलेचा विषय निघाला तर मकबरे, मिनार आणि लघुचित्रे आठवतात. या दोहोंच्या मधला एक मोठा प्रांत मात्र नजरेआड राहतो. सामान्य माणसे रोज जिथे पाणी भरत, दळण दळत, घटकाभर सावलीला टेकत, त्या जागा कोणत्या विचाराने घडवल्या गेल्या? मला या प्रश्नाचे सर्वांत बोलके उत्तर औरंगाबादच्या, म्हणजे आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत सापडते.

पाणचक्की समजून घ्यायची तर आधी मलिक अंबरकडे जावे लागते. इथिओपियात जन्मलेला आणि गुलाम म्हणून एका बाजारातून दुसऱ्या बाजारात विकला गेलेला हा माणूस दख्खनमध्ये निजामशाहीचा कर्ता कारभारी झाला. १६१०च्या सुमारास त्याने खडकी हे शहर वसवले. शहर उभे करायचे म्हणजे आधी पाणी हवे. त्यासाठी त्याने उत्तरेकडच्या डोंगरांतले झिरपणारे पाणी भूमिगत नहरीने शहरात आणले. ‘नहर-ए-अंबरी’ या नावाने ती ओळखली जाते. जमिनीचा नैसर्गिक उतार हीच या नहरीची शक्ती होती. वाटेत हवा आणि पाण्याचा दाब सांभाळायला मनोरे उभारले होते. पुढे मुघलकाळात शहर वाढले, तशा आणखी नहरी खोदल्या गेल्या.

पाणचक्कीला पाणी देणारी नहर त्यांपैकीच एक. खाम नदीच्या काठी बाबा शाह मुसाफिर या नक्शबंदी सूफींची खानकाह होती. ते मध्य आशियातून, बुखाऱ्याच्या परिसरातून दख्खनमध्ये आलेले. ते आणि त्यांचे उत्तराधिकारी बाबा शाह महमूद यांच्या काळातले रोजचे जीवन ‘मलफुजात-ए-नक्शबंदिया’ या फारसी ग्रंथात वाचायला मिळते. फकीर, सैनिक, व्यापारी, वाटसरू अशा सगळ्यांचा तिथे राबता होता. इतक्या माणसांना जेवू घालायचे म्हणजे पीठही तेवढेच लागणार. पाणचक्की आली ती या गरजेतून.

आता तिची रचना पाहा. दूरच्या डोंगरातून खापरी नळांनी आलेले पाणी एका उंच भिंतीवर चढते आणि तिथून धबधब्यासारखे हौदात कोसळते. ही उंची दिसायला सुंदर आहे, आणि पाण्याला जोर येतो तोही तिच्यामुळेच. त्या जोरावर खालचे आडवे चाक फिरते आणि त्याच्या आसाबरोबर जात्याची वरची तळी फिरते. बैल नको, माणसाची मेहनत नको. समोरचा लांबरुंद हौद आणि त्यातली कारंजी डोळ्यांना गारवा देतात. त्याच हौदाखाली खांबांवर तोललेले एक मोठे दालन आहे. हौदाचा तळ हेच त्याचे छत. डोक्यावर पाणी असल्याने मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही तिथे थंडावा असतो. काम संपलेले पाणी शेवटी खाम नदीला मिळते.

एकाच पाण्याने धान्य दळले, हवा थंड केली, आल्यागेल्याचे मन रमवले. यातले उपयोगाचे किती आणि शोभेचे किती, हे वेगळे काढता येत नाही. आज डिझाइनच्या वर्गात वस्तूचे रूप आणि तिचे काम यांची सांगड शिकवली जाते. ती सांगड इथे एका खानकाहीच्या पिठाच्या गिरणीत घातलेली आहे. हे सौंदर्य पाहायला दरबारात प्रवेश असण्याची गरज नव्हती. भुकेला वाटसरूही त्याचा धनी होता.

याच शहरातल्या बीबी का मकबऱ्याच्या दारावरील लेखात अताउल्लाह आणि हंसपतराय ही दोन नावे आढळतात. एक वास्तुकार, दुसरा त्याचा अभियंता सहकारी. एक मुसलमान, एक हिंदू. पाणचक्कीच्या नहरीचा उतार मोजणारे, नळ भाजणारे कुंभार, जाते घडवणारे पाथरवट मात्र आपल्याला नावाने माहीत नाहीत. शहराच्या नावावरून आपण वर्षानुवर्षे भांडलो. पण या शहराला पाणी पाजणाऱ्या हातांची आठवण त्या भांडणात कुणी काढली?

या विस्मरणाची किंमत मोठी आहे. वाढत्या शहराने नहरींवर घरे, रस्ते, इमारती उभ्या केल्या. खापरी नळ फुटले, काही ठिकाणी सांडपाणी शिरले. एकेकाळी उतारावर चालणाऱ्या पाण्याचे हे शहर आज जायकवाडीहून विजेच्या पंपांनी वर चढवलेल्या पाण्यावर जगते, आणि नळाला पाणी येण्यासाठी लोकांना कित्येक दिवस वाट पाहावी लागते. लाखोंच्या वस्तीची तहान जुन्या नहरी भागवतील, असा माझा दावा नाही. पण जमिनीचा उतार आणि पाण्याची चाल ओळखणारे शहाणपण आपण मोडीत काढले, हे खरे आहे.

म्हणून मला वाटते, पाणचक्कीकडे पर्यटनस्थळापेक्षा एक धडा म्हणून पाहावे. आपल्या मोहल्ल्यात मशीद बांधली जाते तेव्हा मिनारांच्या उंचीवर चर्चा होते, वजूखान्याच्या पाण्यावर होत नाही. ते तुलनेने स्वच्छ पाणी सरळ गटारात जाते. त्यावर चार झाडे वाढू शकतात, झाडांखाली एक बाक आणि पाणपोई होऊ शकते. मदरशाच्या, शाळेच्या, वाचनालयाच्या इमारतीला उन्हाळ्यात गारवा कसा मिळेल, हा विचार नकाशा काढतानाच करता येतो. यासाठी बादशाही खजिना लागत नाही.

वारसा जपणे म्हणजे त्याच्या भिंतींना चुना लावणे एवढेच असेल, तर ते काम पुरातत्त्व खाते आणि वक्फ मंडळावर सोपवून मोकळे होता येईल. पण त्या भिंतींमागची दृष्टी जपायची असेल, तर आपल्या पुढच्या बांधकामाच्या बैठकीत एकाने तरी विचारले पाहिजे : या इमारतीचा फायदा दारावरून नुसत्या जाणाऱ्या माणसाला काय?