पुढारी कोण? गडचिरोलीचा धडा

मंडळी, नेतृत्व म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर खुर्ची येते. आज मी खुर्ची नसलेल्या नेतृत्वाचा इतिहास सांगणार आहे.

1986 साली डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग गडचिरोलीत गेले आणि त्यांनी 'सर्च' ही संस्था उभी केली. दोघंही अमेरिकेत सार्वजनिक आरोग्य शिकून आलेले. दवाखाना कसा असावा हे डॉक्टरलाच कळतं, असं आपण धरून चालतो. त्यांनी मात्र गोंड आदिवासींना विचारलं. लोक म्हणाले, मोठ्या इमारतीची भीती वाटते, पेशंटजवळ घरच्यांना राहू देत नाहीत, आणि तिथं आमचा देव नाही. मग आदिवासी गावासारखा झोपड्यांचा दवाखाना झाला. नाव मिळालं दंतेश्वरी देवीचं.

राणीताईंनी दोन गावांतल्या 650 बायांची तपासणी केली. 92 टक्के बायांना स्त्रीरोग निघाले. याआधी कधी तपासणी झालेल्या होत्या फक्त 8 टक्के! 1989 साली 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं.

नवजात बाळं मरत होती आणि डॉक्टर लांब होता. म्हणून 39 गावांतल्या थोडं शिकलेल्या बायांनाच शिकवलं. बाळाचं वजन घेणं, त्याला ऊब देणं, जंतुसंसर्ग झाला तर इंजेक्शनसुद्धा देणं. नवजात मृत्युदर 62 टक्क्यांनी खाली आला. 1999 साली हेही जगासमोर आलं, आणि 2011 पासून आशाताई देशभर घरोघरी जाऊन बाळं तपासू लागल्या.

तुम्ही म्हणाल, सर, शेवटी पुढारी बाहेरून आलेले डॉक्टरच ना? शंका रास्त आहे. पण तत्त्वज्ञानात आम्ही एक भेद करतो: सत्ता असणं वेगळं, अधिकार असणं वेगळं. इंजेक्शनची सुई गावातल्या बाईच्या हाती दिली, तिथं अधिकार हलला. खुर्ची हलायला वेळ लागतो; ती हललीच पाहिजे, हेही खरं.

आता आपल्याकडे या. 2019 साली आपल्याच बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड बायांच्या गर्भपिशव्या काढल्याच्या बातम्या आल्या. विधिमंडळात गाजलं, चौकशी समिती नेमली गेली. रजा घेतली तर मजुरी बुडते, म्हणून दुखणं अंगावर काढणाऱ्या या बाया. त्यांना कुणी आधी विचारलं होतं, बाई, तुला नेमकं काय होतंय?

गडचिरोलीत इतिहास घडला तो या एका प्रश्नापासून. माजलगावात तो कोण विचारणार, एवढंच मला तुम्हाला विचारायचं आहे.