पगारातले दोनशे रुपये

नोकरी लागली, पहिली पगाराची स्लिप हातात आली की आपण आधी शेवटचा आकडा बघतो. मग नजर वर जाते, काय काय कापलं ते बघायला. त्यात ‘व्यवसाय कर’ किंवा नुसतं ‘पीटी’ अशी एक ओळ असते. महिन्याला २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, म्हणजे वर्षाचे २,५००. नाशिकच्या सातपूर-अंबडमधल्या कामगारांना ही कपात पाठ असते. पण १९७५ मध्ये हा कर लागला तो दुष्काळातल्या माणसाला काम मिळावं म्हणून, हे फार थोड्यांना ठाऊक असतं.

नाशिक म्हटलं की गोदावरी आणि द्राक्षं आठवतात. पण याच जिल्ह्यातले सिन्नर, येवला, नांदगाव, चांदवड हे तालुके पर्जन्यछायेत येतात. १९७० नंतर सलग तीन वर्षं पावसाने दगा दिला आणि १९७२ चा दुष्काळ राज्यभर पसरला. घरातल्या आजी-आजोबांना विचारा. मिलो ज्वारीच्या लाल भाकरी, सुकडी आणि खडी फोडायला गेलेली बायामाणसं, हे त्यांना अजून आठवत असेल. मे १९७३ मध्ये राज्यातल्या दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती.

दुष्काळात खडी फोडायला लावणं ही काही नवी गोष्ट नव्हती. १८७६-७८ च्या महादुष्काळात इंग्रज सरकारनेही कामं काढली होती. पण सर रिचर्ड टेंपल यांनी मजुरी इतकी खाली आणली की १८७७ च्या सुरुवातीला मुंबई इलाख्यात मजुरांनी कामं सोडली आणि पुण्याची सार्वजनिक सभा त्यांच्या बाजूने उभी राहिली. पुढे दुष्काळ संहिता आली. तरी दुष्काळ आहे की नाही, कामं कधी काढायची आणि कधी बंद करायची, हे सगळं सरकारच ठरवत असे. मजुराने फक्त वाट बघायची.

ही वाट बघणं संपवायची कल्पना वि. स. पागे यांची. सांगलीतल्या विसापूरचे पागे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्याच तासगाव तालुक्यात १९६५ मध्ये या कल्पनेचा पहिला प्रयोग झाला. १९७१ मध्ये पुण्याच्या वि. म. दांडेकर आणि नीलकंठ रथ यांनीही भारतातल्या दारिद्र्यावरच्या अभ्यासात कामाची हमी द्या, असं सुचवलं. १९७२ मध्ये वसंतराव नाईक सरकारने रोजगार हमी योजना सुरू केली. कायदा १९७७ चा. तो २६ जानेवारी १९७९ ला अमलात आला. ग्रामीण भागातल्या ज्या प्रौढाला अंगमेहनतीचं काम हवं त्याने मागायचं, सरकारने १५ दिवसांत द्यायचं, नाही दिलं तर भत्ता. भत्ता सुरुवातीला दिवसाला एक रुपया, म्हणजे नावापुरताच. तरी दुष्काळ जाहीर होण्याची अट गेली आणि मागण्याचा हक्क मजुराकडे आला.

पैसा कुठून आणायचा? शहरातल्या पगारदारावर व्यवसाय कर, बागायती जमिनीवर आकार, विक्रीकर आणि वाहनकरावर अधिभार. आणि या करांतून जितकं जमेल तितकीच भर सरकारने घालायची. नाशिकरोडच्या पगारदाराने आणि येवल्याच्या खडीवरच्या बाईने एकमेकांना कधी पाहिलं नसेल, पण कायद्याने त्यांचा हिशेब एकत्र बांधला.

समाजकार्याच्या वर्गात कल्याणकारी राज्याची प्रारूपं शिकवतात. बिस्मार्कचा १८८३ चा आजारपणाचा विमा, १९४२ चा बेव्हरिज अहवाल, मग एस्पिंग-अँडरसनने १९९० मध्ये मांडलेले तीन प्रकार. एस्पिंग-अँडरसनची एक मोठी कसोटी अशी, की श्रम न विकताही माणूस किती नीट जगू शकतो? ही कसोटी रोहयोला लावली तर ती सपशेल नापास होते, कारण इथे श्रम केल्याशिवाय दमडी मिळत नाही. पण विमा आणि पेन्शन चालतं ते ठरलेल्या मालकाच्या, ठरलेल्या पगाराच्या हिशेबावर. येवल्याच्या भूमिहीन बाईकडे मालकही ठरलेला नव्हता आणि पगारही. तिच्याकडे होते फक्त दोन हात. ते विकायला दुसरं गिऱ्हाईक मिळालं, की बागायतदारापुढे “एवढ्यात येत नाही” म्हणायची सोय झाली. रोहयोच्या कामांवर बायका मोठ्या संख्येने आल्या, त्यामागे हेही एक कारण आहे.

या योजनेचं उणंही इथेच आहे. ज्याला खणता येत नाही, त्याचं काय? म्हातारे, अपंग, आजारी माणसं हमीच्या बाहेरच राहिली. त्यांच्यासाठी १९८० मध्ये संजय गांधी निराधार अनुदान योजना आली. तिथे हात पसरावा लागतो, आपण निराधार आहोत हे कागदावर सिद्ध करावं लागतं. घाम गाळशील तरच तू खरा गरजू, हा इंग्लंडच्या १८३४ च्या गरीब कायद्याचा संशय पुरता गेलाच नाही.

२००५ मध्ये संसदेने देशभरासाठी रोजगार हमीचा कायदा केला, त्याची वाट महाराष्ट्राने दाखवली होती. पण सुरगाणा-पेठकडची कुटुंबं आजही पावसाळा संपला की दिंडोरी-निफाडच्या द्राक्षबागांकडे निघतात. कायदा असून माणूस गाव सोडतो, तेव्हा त्याला काम नको होतं असं नसतं. बहुधा त्याची मागणी कुणी लिहूनच घेतलेली नसते. पंधरा दिवस मोजायचे ते अर्जाच्या तारखेपासून, म्हणून तारखेची पोच हातात नसेल तर भत्ता मागायला आधारच उरत नाही.

समाजकार्य शिकणारा कुणी फील्डवर्कला अशा गावात गेलाच, तर प्रारूपांची वही पिशवीत राहू द्यावी. आधी ग्रामपंचायतीत मजुरासोबत जावं, अर्ज भरून द्यावा आणि सही-शिक्क्याची पोच मिळाल्याशिवाय तिथून उठू नये.