सूर्य, सैनिक आणि मद्य : उष्माघाताच्या एका जुन्या निदानाचा इतिहास

जून १८४३. सिंध इंग्रजांच्या ताब्यात येऊन काही महिनेच झाले होते. ऐन उन्हाळ्यातील मोहिमेत सेनापती चार्ल्स नेपियर उष्म्याने कोसळला. त्याच्याबरोबर चाळीसहून अधिक युरोपीय सैनिकांनाही उष्माघात झाला आणि काही तासांत ते सारे दगावले. वाचला तो साठीचा नेपियर. आपल्या बचावाचे कारणही त्याने लिहून ठेवले: आपण मद्याला शिवत नाही, हेच त्यातले रहस्य.

ही कथा पुढे मद्यपानविरोधी प्रचारात फार चालली, आणि तिच्यातील तर्काची उणीव कोणाला फारशी खटकली नाही. वाचलेला माणूस एकच. मेलेल्यांपैकी कोण किती प्यायले होते, याची मोजणी नाही. सेनापतीचा दिवस आणि साध्या शिपायाचा दिवस यांतील अंतरही हिशेबात नाही. त्या काळच्या अनेक मोहिमांत गोरा शिपाई जाड लोकरी कोट घालून, गळ्याभोवती चामड्याचा ताठ पट्टा आवळून आणि पाठीवर ओझे घेऊन चालत असे. घाम सुकण्याला वाव नसलेल्या अशा पोशाखात दारूचा थेंबही न घेतलेला माणूस कोसळू शकतो. पण कोट सरकारने दिलेला होता आणि व्यसन शिपायाचे होते; दोष कोणाच्या माथी जाणार, हे त्यातच ठरले.

वास्तविक ती दारूही बऱ्याच अंशी सरकारचीच होती. पलटणीच्या कँटीनमधून रम किंवा अरक नियमाने मिळे. हिंदुस्थानातील गोऱ्या फौजेच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी १८५९ मध्ये नेमलेल्या शाही आयोगाचा अहवाल १८६३ मध्ये आला, तेव्हा दर हजारी ६९ हा वार्षिक मृत्युदर उघड झाला. त्यातील बहुतेक बळी ताप, हगवण, पटकी आणि यकृताच्या विकारांचे होते. आयोगाकडे आलेल्या कागदपत्रांवर फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लिहिलेले भाष्य आजही बोचरे वाटते. फौजेत पिण्याची जेवढी चोख सोय आहे तेवढी अंग धुण्याची नाही, असा त्यांचा रोख होता. मद्याची निंदा त्यांनीही केली, परंतु ती करताना बराकी, पाणी आणि सांडपाणी नजरेआड होऊ दिले नाही. नेपियरच्या कथेत नेमका याच गोष्टीचा अभाव आहे.

नीतीच्या प्रांतातून हा प्रश्न प्रयोगशाळेत नेणाऱ्यांमध्ये एडमंड पार्क्स यांचे नाव घ्यावे लागेल. तरुणपणी लष्करी डॉक्टर म्हणून ते मद्रास आणि ब्रह्मदेशात राहिले होते. पुढे इंग्लंडमधील लष्करी वैद्यकीय विद्यालयात आरोग्यशास्त्राचे प्राध्यापक झाले. १८७० मध्ये त्यांनी आणि काउंट वोलोविच यांनी एका निरोगी सैनिकाला मोजून मद्यार्क दिला आणि त्याची नाडी, तापमान व मूत्र यांच्या नोंदी ठेवल्या. ठळकपणे दिसला तो नाडीचा वाढलेला वेग. उन्हात हृदयाला आधीच त्वचेकडे अधिक रक्त ढकलावे लागते, हे ध्यानात घेतले तर या नोंदीचे मोल कळते.

मद्याने शरीरातील पाणी कमी होते, हे आज सर्वांच्या तोंडी असलेले कारण मात्र मोजमापासह पुढे आले ते विसाव्या शतकात. ग्रेस एग्लटन यांनी १९४२ मध्ये मद्याच्या मूत्रल परिणामावर शोधनिबंध प्रसिद्ध केला. पोटात गेलेल्या दर ग्रॅम मद्यार्कामागे सुमारे १० मिलिलिटर जादा मूत्र, हा आकडा त्यावरूनच रूढ झाला. मेंदूच्या तळाशी असलेल्या पीयूषिका ग्रंथीतून व्हॅसोप्रेसिन नावाचे संप्रेरक स्रवते आणि ते मूत्रपिंडांना पाणी राखून ठेवायला लावते. मद्यार्क त्याचा स्राव रोखतो. आपल्याकडील ६० मिलिलिटरच्या पेगमध्ये साधारण २० ग्रॅम मद्यार्क असतो. म्हणजे २०० मिलिलिटरच्या आसपास जादा पाणी बाहेर पडणार. पण ही बाबही सरळ रेषेत चालत नाही. शरीर आधीच शुष्क असेल तर हा परिणाम मंदावतो, आणि सौम्य बिअरमधून गेलेले पाणी बऱ्याच प्रमाणात भरूनही निघते. तेव्हा केवळ पाण्याच्या हिशेबावर मद्य आणि उष्मा यांचे वैर पुरते उलगडत नाही.

खरा घोटाळा तापमानाच्या नियंत्रणात आहे. मद्यार्क त्वचेतील रक्तवाहिन्या सैलावतो. जपानी संशोधकांनी २००५ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात ३३ अंश सेल्सियसच्या खोलीत बसलेल्या निरोगी पुरुषांना थोडे मद्य दिले. त्यांचा घाम वाढला, त्वचेतील रक्तप्रवाह वाढला आणि शरीराच्या आतील तापमान उलट किंचित खाली आले! गंमत अशी की, शरीर थंड होऊ लागत असताना त्यांना काही काळ अधिक गरम वाटत होते. या निष्कर्षावरून कोणी उन्हाळ्यात पेला भरू नये. ३३ अंशांची हवा त्वचेहून थंड असते, म्हणून त्वचेकडे आलेले रक्त उष्णता बाहेर टाकू शकते. विदर्भात किंवा तेलंगणात पारा ४५ वर गेला की हवाच त्वचेहून तप्त होते आणि उष्णतेचा प्रवाह उलटा, आत वाहू लागतो. मग घाम एवढाच आधार उरतो आणि घामासाठी पाणी हवे. प्राण्यांवरील प्रयोगांतही हेच सूत्र आढळले: मद्यार्काच्या मोठ्या मात्रेत शरीराची नियंत्रणशक्ती ढिली पडते आणि ते भोवतालच्या तापमानामागे फरफटत जाते. थंडीत गारठते, उष्म्यात तापते. शिवाय तहान लागली, सावलीत जावे, थांबावे, हे सांगणारे भानही मद्याने बोथट होते. १९८० च्या उष्णतेच्या लाटेनंतर अमेरिकेतील दोन शहरांत झालेल्या अभ्यासात मद्यासक्तांना उष्माघाताचा धोका अधिक असल्याचे दिसले. नेपियरचा निष्कर्ष सर्वस्वी खोटा नव्हता, एवढे मान्य केले पाहिजे.

आता अहमदाबाद. मे २०१० मध्ये तेथे पारा ४६.८ अंशांवर गेला. आधीच्या व नंतरच्या वर्षांतील मे महिन्याशी तुलना करता त्या एका महिन्यात १,३४४ अधिक मृत्यू झाले. गुजरात हे स्थापनेपासून दारूबंदीचे राज्य. तो कायदाही जुन्या मुंबई राज्याचा, १९४९ चा. चोरटी दारू तेथे मिळते हे खरे. तरीही एवढ्या मृत्यूंचे खापर मद्यावर फोडता येत नाही. तप्त पत्र्यांची घरे, उघड्यावरची मजुरी, म्हातारपण आणि उकाड्याच्या रात्री यांना पेल्याची गरज नसते. या आपत्तीतून धडा घेऊन अहमदाबादने २०१३ मध्ये दक्षिण आशियातील पहिला उष्णता कृती आराखडा आणला. पुढे राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाच्या सूचनाही आल्या. त्यांत मद्य, चहा, कॉफी आणि शीतपेये एकाच ओळीत टाळायला सांगितली आहेत. ही सरमिसळ शास्त्राला फारशी धरून नाही. सवयीच्या दोन कप चहाला रमच्या पंक्तीला बसवण्याचे कारण नव्हते.

जुन्या निदानाचे एक अवशिष्ट मात्र अधिक घातक आहे. उष्माघातात शरीराचे तापमान ४० अंशांच्या वर जाते आणि मेंदू गोंधळतो. बोलणे अडखळते, पाय लटपटतात, माणूस असंबद्ध बरळतो, रस्त्याच्या कडेला आडवा होतो. बघणाऱ्याला तो झिंगलेला वाटतो. प्यालेला असो वा नसो, त्याला त्या वेळी हवे असते अंगावर गार पाणी, पंख्याचा वारा, बर्फ आणि तातडीने रुग्णालय. उशिराच्या प्रत्येक मिनिटागणिक आशा कमी होते. अहमदाबादच्या आराखड्यात इशाऱ्यांच्या जोडीला डॉक्टर व आरोग्य कर्मचाऱ्यांना उष्माघात ओळखण्याचे प्रशिक्षण देण्याचीही तरतूद होती.